काळी पाच

गावात माझ्याबद्दल वाईट बोलणारं माणूस तुम्हाला सहजी मिळायचं नाही. शोधून बघा. आगरदांड्याच्या जेट्टीवर उतरलात आणि ‘गाण्याच्या बाई कुठं राहतात’ म्हणून विचारलंत, तर रिक्षावाला भाड्याचं बोलायच्या आधी माझं कौतुक सुरू करेल. पोरांना फुकट शिकवतात, पदरमोड करून स्पर्धांना नेतात, वगैरे वगैरे. ते कानावर आलं की मला — खरं सांगू? — उठून घरात जावंसं वाटतं. कारण एक गोष्ट आहे जी मी नवऱ्याला सांगितलेली नाही, बहिणीला नाही, आणि वडील गेले, त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला म्हणून असेल. काय ते तुम्ही ठरवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रविवारी सकाळी आमच्या बौद्धवाडीतल्या विहारात मुलांना गाणं शिकवते. शिकवते म्हणजे काय, पेटी घेऊन बसते. वंदना झाली की पोरं सतरंजीवर गोल करून बसतात आणि मी सूर धरते. पेटी माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णांची गायन पार्टी होती, एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत या वाडीतून त्या वाडीत, पार म्हसळ्या-श्रीवर्धनापर्यंत जायची. स्वतः गाणी बांधायचे, स्वतः चाली लावायचे. मला भाऊ नाही, म्हणून पेटी माझ्या मांडीवर आली. भाऊ असता तर मी आतल्या खोलीत मासे साफ करत बसले असते, याची मला पक्की कल्पना आहे.

मीही गायचे. नव्हे, गाते. माझा गळा सुरात आहे, हे कोणीही सांगेल. तालात आहे. शब्द स्पष्ट आहेत. डी.एड.ला होते तेव्हा स्वागतगीत म्हणायला मलाच उभं करायचे. पण — आणि हे मी स्वतःशी कबूल करायला फार वर्षं घेतली — माझं गाणं ऐकताना कोणाच्या हातातलं काम कधी थांबलं नाही. लोक ऐकायचे, माना हलवायचे, ‘छान हां’ म्हणायचे आणि आपसांत पुढचं बोलायला लागायचे. तुमच्या बाबतीत असं झालंय कधी? सगळं बरोबर करूनही? फार वाईट असतं ते. चूक असली तर निदान ती सुधारायला बसता येतं.

येते, मुद्द्यावर येते. जरा दम धरा.

सुकेशनी सातवीत होती तेव्हा माझ्याकडे यायला लागली. बाप सहा आसनी रिक्षा चालवायचा, आई — मी तिला वत्सलावयनी म्हणते — नांदगावला एकांच्या सुपारीच्या वाडीत कामाला जायची. पोरगी दिसायला काडी, सदानकदा सर्दीनं नाक ओढणारी. पहिल्या रविवारी मी बाकीच्या मुलींबरोबर तिलाही काळी पाच दिली. आता ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सप्तकात काळ्या पट्ट्या पाच असतात, आणि गाणारा आपला ‘सा’ यांतल्या कुठल्या तरी पट्टीवर बसवतो. कोणाचा खाली बसतो, कोणाचा वर. त्याला त्या गाणाऱ्याची पट्टी म्हणायचं. आमच्याकडच्या मुलींना साधारण काळी पाच चालते. मलाही तीच. माझी बोटं आजही झोपेत तिथंच जातील.

तर त्या पट्टीत ही पोर नुसती चिरकत होती. मी मनात म्हटलं, चला, हिला टाळ्या वाजवायला बसवू. तेवढ्यात खुर्चीवरून आण्णा ओरडले. ते विहारात दाराशी खुर्ची टाकून बसायचे, गुडघ्यांमुळे खाली बसता यायचं नाही. म्हणाले, “अगं, पोर वर चढून दमतेय, दिसत न्हाय काय तुला? खाली आण. काळी तीन दे तिला.”

मी काळी तीन दिली.

आता हे कसं सांगू? त्या काटकुळ्या पोरीच्या गळ्यातून जो आवाज आला तो तिच्या वयाचा नव्हता, अंगाचा तर नव्हताच. जाड, भरलेला, थोडा खरखरीत. तिनं नुसता ‘सा’ लावला होता हो! बाकीची पोरं खाकरायची थांबली. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. आणि मला — तिथंच, त्याच क्षणाला, पहिल्याच दिवशी — ते आवडलं नाही. मी हसले, “वा गं, छान” म्हटलं. पण ते न आवडलेलं मला कळलं होतं. तेव्हा नव्हतं कळलं असं मी म्हणाले तर खोटं बोलेन.

दोन-अडीच वर्षं मी तिला शिकवलं. चांगलं शिकवलं, बरं का. हात आखडता घेतला नाही. मला वाटायचं, शिकवत राहिलं की ती माझी होईल, माझ्यामुळे झालेली. मग जे काही लोक म्हणतील त्यातलं अर्धं माझं. असा सरळ हिशेब होता. तो चुकला, कारण ती जे गायची त्यातलं काहीच मी शिकवलेलं नसायचं. मी एखादी जागा, मुरकी सांगायची, ती घ्यायची, पण घेताना तिथं काहीतरी करायची जे मला येत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं. “बाई, असं बरोबर हाय ना?” म्हणून वर माझ्याकडे बघायची. मी काय सांगणार, कप्पाळ?

आण्णांचं एक गाणं होतं. त्यांच्या आईवर बांधलेलं, मिठागरात पाट्या वाहणाऱ्या बाईचं. त्याच्या अंतऱ्याला एक ओळ उंच जाते, तिथं पार्टीतला मोठमोठा गडी धापा टाकायचा. मी ते गाणं लहानपणापासून गात आलेय. घरात, जयंतीला, माझ्या स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा. आण्णा ऐकायचे, ताल धरायचे, “बरं झालं” म्हणायचे. सुकेशनीनं ते पहिल्यांदा म्हटलं त्या रविवारी आण्णा रडले. मान खाली घालून, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून. मग नाक पुसून म्हणाले, “आज ऐकलं मी माझं गाणं.”

आज! म्हणजे इतकी वर्षं मी काय करत होते? मी पेटीचा भाता बंद केला, पोरांना गोळ्या वाटल्या, घरी आले आणि वाटणाचा दगड असा काही फिरवला की नवऱ्यानं विचारलं, कोणावर राग काढतेस? मी म्हटलं, खोबऱ्यावर.

हसायला येतं ना? मलाही येतं. पण सोसवत नव्हतं. ती माझ्या दारात आली की मी गोड बोलायचे, ती गेली की मला तिच्या चपला दाराशी पडल्या होत्या त्याचाही राग यायचा. एवढीशी पोर, तिनं माझं काय घोडं मारलं होतं? काही नाही. तिच्याजवळ ते होतं आणि माझ्याजवळ नव्हतं, बस एवढंच. आणि तिला त्याची किंमतही नव्हती, म्हणजे असं मला वाटायचं. चिंच खाल्ली तर गळा बसेल म्हणून मी चिंच सोडलेली बाई, आणि ही मेली आवळे-चिंचा खाऊन यायची आणि तसं गायची.

मग तालुक्याला शाळांचा कलामहोत्सव झाला. पाहुण्या म्हणून पनवेलकडच्या एका गाण्याच्या संस्थेच्या मोठ्या मॅडम आल्या होत्या. सुती साडी, चष्म्याला दोरी, बोलणं मऊ. ती संस्था खेड्यापाड्यातली मुलं निवडून नेते, दोन वर्षं तिथंच राहायचं, शाळा तिकडची, सकाळ-संध्याकाळ गाणं. खर्च सगळा त्यांचा. कार्यक्रमाची सुरुवात माझ्या स्वागतगीतानं झाली. मी गाताना त्यांच्याकडे बघत होते. त्या चहा पीत होत्या, शेजारच्या साहेबांशी काहीतरी बोलल्या, पत्रिका चाळली. मग चार-सहा नाच झाले आणि सुकेशनी उभी राहिली. पेटीवर मीच. तिनं पहिली ओळ घेतली आणि मॅडमनी कप बशीत ठेवला. संपेपर्यंत उचलला नाही. चहाचं पाणी झालं असणार.

कार्यक्रम संपल्यावर त्या स्वतः चालत आमच्याकडे आल्या. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, “ही तुमची विद्यार्थिनी? काय गळा आहे! पुढच्या महिन्यात अलिबागला आमची निवड आहे, हिला आणाच. आणि तुम्ही पेटी किती छान वाजवता. स्वतः गात नाही का कधी?”

स्वतः गात नाही का कधी.

दोन तासांपूर्वी, त्याच मंचावर, त्याच माइकवर मी गायले होते. त्यांच्या स्वागताचंच गायले होते! त्यांनी टोचून नाही विचारलं. टोचून विचारलं असतं तर मी भांडले असते, निदान मनात तरी. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी म्हटलं, “नाही मॅडम, पेटीच वाजवते.” शेजारी सुकेशनी उभी होती. तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली मान घातली. माझी कीव केली तिनं, नववीतल्या पोरीनं. आणि तो राग मी मॅडमवर नाही धरला. हिच्यावर धरला.

अलिबागला जायचं ठरलं. ती संस्था नववीच्या पुढची मुलं घेत नाही, म्हणजे सुकेशनीची ही एकच खेप. वत्सलावयनीनं मला आधीच सांगितलं होतं, “बाई, हितं निवडली तर शिकू दे तिला, मी आड येणार न्हाय. न्हायतर दहावी झाली का कामाला लावायची. धाकटी दोघं हायेत माझी.” म्हणजे मला सगळं माहीत होतं. कशावर काय अवलंबून आहे, पट्टीपासून पोटापर्यंत, सगळं. हे आधीच सांगून ठेवते.

महिनाभर मी तिच्याकडून आण्णांचं गाणं घोटून घेतलं. काळी तीनमध्ये. ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या, बर्फाचा गोळा खाल्लास तर बघ म्हणून दम दिला. हे नाटक होतं का? मला नाही वाटत. माणूस एकाच वेळी एखाद्याच्या गळ्याची काळजी घेतो आणि तो गळा बसावा असंही त्याला वाटतं, हे तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही भाग्यवान आहात.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. मुरूड, काशीद, रेवदंड्याचा पूल. पेटी माझ्या मांडीवर, तिच्या मांडीवर डबा. तिनं आईची निळी साडी नेसली होती, पिना लावून लावून. खिडकीतून वारा लागेल म्हणून मी काच ओढून घेतली आणि तिच्या गळ्याला माझी ओढणी गुंडाळली. ती म्हणाली, “बाई, तुमी पण याल ना तिकडं, मला भेटायला?” मी म्हटलं, येईन की. आणि मनात दिसलं ते असं — ती तिथं शिकतेय, मोठी होतेय, मंचावर बसलीय, आणि कोणीतरी विचारतंय तुमच्या पहिल्या गुरू कोण, आणि ती म्हणतेय, आमच्या गावच्या एक बाई होत्या, पेटी छान वाजवायच्या.

पेटी छान वाजवायच्या!

एका शाळेच्या हॉलमध्ये निवड होती. समोर टेबलामागे मॅडम, त्यांच्याबरोबर दोन गुरुजी. तबला नाही, नुसत्या पेटीवर गायचं, आणि पेटीवर ज्यानं त्यानं आपलं माणूस आणलेलं. आमच्या आधी रोह्याकडचा एक पोरगा गायला, बरा गायला. मग आमचं नाव. सुकेशनी मांडी घालून बसली, पदर नीट केला, माझ्याकडे बघून हसली. मी खटके ओढले, भाता मारला.

आणि काळी पाच दाबली.

बोटं सवयीनं गेली, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. सवय आहेच ना तिथली? कोणीही मान्य केलं असतं. पण नाही. ती सवयीनं नाही गेली. ती काळी तीनवर होती, मी ती उचलली आणि दोन काळ्या पट्ट्या वर नेली. मला पट्टीचा गारवा आठवतो. मला हेही आठवतं की मी दुसऱ्या हातानं भाता नेहमीपेक्षा हळू मारला, सूर कोवळा लागावा, चटकन कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. सवयीनं जाणारी बोटं असलं काही करतात का? सांगा ना.

तिला कळलं. कळणारच, गळा तिचा होता. तिनं ‘सा’ लावला आणि तिच्या कपाळावर आठी आली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — गा, गा. ती गायली. मुखडा कसाबसा निभावला, पण आवाजाचा तो भरलेपणा कुठल्या कुठे. आणि अंतऱ्याची ती उंच ओळ आली. मोठमोठे गडी जिच्यावर धापा टाकायचे ती, आणि आता तर ती आणखी वर गेलेली. तिथं तिचा आवाज फाटला. चिरकली, थांबली, पुन्हा घेतली, पुन्हा चिरकली. हॉलमध्ये मागं बसलेली कोणाची तरी पोरं फिसकन हसली.

मॅडमनी हात वर केला. त्या काही ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. अगदी प्रेमानं म्हणाल्या, “बाळ, पट्टी उंच होतेय का तुला? त्या दिवशी तर खाली गात होतीस असं वाटतंय. खाली घ्यायची का जरा?”

तेव्हाही वेळ होता. ऐकताय ना? तेव्हाही होता. मी “अगं बाई, चुकलंच माझं” एवढं म्हणून बोटं खाली आणली असती, तर सगळे हसले असते, आणि ती परत गायली असती, आणि त्यांनी पुन्हा कप खाली ठेवला असता.

मी म्हटलं, “नाही मॅडम. हीच तिची पट्टी. रोज हिच्यातच गाते ती.”

हे ते. हेच सांगायचं होतं.

सुकेशनीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तिच्या डोळ्यांत संशय आला असता तर मी आज एवढं सांगत बसले नसते. संशय नव्हता. ती मॅडमना म्हणाली, “हो मॅडम, हीच.” स्वतःच्या गळ्यापेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. बाई म्हणतात म्हणजे हीच असणार. आपलंच काहीतरी चुकतंय.

दुसरं काही म्हणशील का, असं एका गुरुजींनी विचारलं. तिला ते जमलं नाही. ती रडायला लागली होती.

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्याला डोकं लावून म्हणाली, “बाई, सॉरी हां. तुमचं नाव घालवलं मी. सूरच लागला न्हाय आज.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि आता जे सांगते ते सांगायला सगळ्यात जड जातंय. मला हलकं वाटत होतं. रेवदंड्याच्या पुलावर वारा आला आणि मला भूक लागली, सकाळपासून पहिल्यांदा. मी डबा उघडला.

घरी आण्णा वाट बघत होते, ते आमच्याकडेच राहायचे. “काय झालं?” मी म्हटलं, नाही निवडली. आण्णांनी पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, “कुठली पट्टी दिलीस?”

इतर कोणीही हे विचारलं नसतं. दुसऱ्या कोणाला सुचलंही नसतं. मी पेटी फळीवर ठेवत होते, तशीच पाठमोरी म्हणाले, “काळी तीन. दुसरी कुठली देणार?”  मी वळले तेव्हा आण्णा माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, पाणी दे. त्यांना कळलं का? माहीत नाही. पुढच्या रविवारपासून मात्र ते विहारात आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे खरंच दुखायचे. दोन पावसाळ्यांनी ते गेले.

वत्सलावयनी दुसऱ्याच दिवशी आली, सोडे घेऊन. चांगले जाडजूड सोडे, वर्षभरासाठी सोलून सुकवलेली कोलंबी. “बाई, तुमी येवडं केलंत पोरीसाठी. तिच्या नशिबात नव्हतं, त्याला तुमी काय करणार?” मी नको नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. मी ते वांग्यात घालून केले. खाल्ले. घास अडकला वगैरे काही नाही, चवीनं खाल्ले.

सुकेशनी दहावीनंतर मुरूडला कापडाच्या दुकानात लागली. रविवारी यायची बंद झाली. मग खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला तिचं लग्न झालं. मी आहेर केला, लग्नात पेटीही वाजवली.

त्यानंतर मी फार चांगली झाले. गावाला दिसते ती बाई त्यानंतरची. कितीतरी पोरांना घेऊन मी फिरले, अलिबाग, पाली, पेण, कुठं कुठं. त्या पनवेलच्या संस्थेतसुद्धा आमची पोरं लागली. एक पोरगा आता तबला शिकवतो, एक मुलगी नाटकात काम करते. सगळ्यांना मी त्यांची त्यांची पट्टी नीट दिली. लोकांना वाटतं बाईंचं मन मोठं. अहो, मोठं कसलं? त्यांच्यातल्या कोणाचा मला कधी हेवाच वाटला नाही. कारण त्यांच्यातलं कोणीही तसं गात नव्हतं.

परवाच्या जयंतीला सुकेशनी माहेरी आली होती. फेरीबोटीनं, कडेवर मुलगी. अंगानं भरलीय आता. विहारात बायका म्हणाल्या, सुके, म्हण की एखादं, किती वर्षं झाली. मला वाटलं नाही म्हणेल. ती उठली, मुलीला वत्सलावयनीच्या मांडीत दिलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. पेटीवर मीच. मी भाता मारला, बोटं पट्ट्यांच्या वरच धरली आणि विचारलं, “कुठली देऊ?” माझा आवाज मलाच कसातरी लागला.

ती म्हणाली, “काळी पाच, बाई. आता येते मला.”

मी भाता थांबवला. तर ती हौसेनं सांगायला लागली. त्या वेळी लागली नव्हती ना, ते डोक्यात बसलं होतं. दुकानात असताना, मग सासरी, कामं आटोपली की मोबाईलवर काळी पाचचा सूर लावून ठेवायची आणि गळा घासायची. घसा बसायचा, दुखायचा, कधीकधी आठ-आठ दिवस बोलता यायचं नाही. पण सोडलं नाही तिनं. “म्हटलं, बाईंनी दिलेली पट्टी हाय, आपल्याला आलीच पायजे.”

काळी तीनवर बोट ठेवायला मला काय लागत होतं? काहीच नाही. ठेवायचं आणि म्हणायचं, नको गं, ही घे. ही तुझी आहे.

मी काळी पाच दिली.

ती आण्णांचं गाणं गायली. उंच ओळही घेतली, पूर्ण, कुठंही न फाटता. आवाज सुरात होता. तालात होता. शब्द स्पष्ट होते. तो जाडपणा, ती खरखर, काही उरलं नव्हतं. घासून घासून सगळं गेलं होतं. डोळे मिटून ऐकलं असतं तर मी गातेय असंच कोणाला वाटलं असतं. आणि मला, शप्पथ सांगते, आधी बरं वाटलं. मग बाकीचं वाटलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती पदरानं घाम पुसत माझ्याकडे वाकली, लहान होती तेव्हा विचारायची तसंच विचारलं तिनं, “आता बरोबर लागला ना, बाई?”

मी म्हटलं, “हो. आता बरोबर लागला.”